अठ्ठेचाळीस निकाल आणि एकच 'कौल'?

गौरीजेवणाला आमच्याकडे धायरीला सगळा गोतावळा जमतो आणि पोळीवर तूप पडायच्या आत राजकारण सुरू होतं. हे इतकं ठरलेलं आहे की आई आधीच बजावते, पानावर बसल्यावर निवडणूक काढायची नाही. कोणी ऐकत नाही. यंदा भांडण होतं ते २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रानं नक्की काय कौल दिला होता यावर. तसा शिळा विषय, पण त्यानंतर पाचच महिन्यांत विधानसभेचा निकाल पार उलटा लागल्यामुळे तो काही केल्या थंड होत नाही. आता यातली गंमत बघा. कोथरूडचे दाजी जून २०२४ मध्ये घसा कोरडा करून सांगत होते की जागा सोडा हो, मतं बघा, अर्ध्या टक्क्याचासुद्धा फरक नाही. तेच दाजी आता विधानसभेतल्या महायुतीच्या (भाजप, शिंदेंची सेना, अजितदादांची राष्ट्रवादी) जागा घेऊन 'दोनशे तीस, दोनशे तीस' करत होते. आणि हडपसरचा अण्णा, ज्यानं तेव्हा आठवडाभर लोकसभेच्या जागांचं 'तीस-सतरा' असं स्टेटस ठेवलेलं, तो आता मोबाईलवर हिशोब मांडून बसला होता की निम्म्याहून कमी मतांवर ऐंशी टक्के जागा हा कुठला न्याय. दोघांनी एकमेकांची फूटपट्टी उचलली होती आणि दोघांच्याही ते गावी नव्हतं.

हे आमच्या घरातच चालतं असं नाही. टीव्हीवर तेच, कट्ट्यावर तेच, शिकल्यासवरल्या लोकांच्या लेखांत पण थोड्या चांगल्या मराठीत तेच. एक म्हणतो महाराष्ट्रानं गद्दारीला धडा शिकवला, दुसरा म्हणतो खोट्या नरेटिव्हला लोक फसले. विधानसभेनंतर उलटं, म्हणजे एक म्हणतो महाराष्ट्रानं चूक दुरुस्त केली, दुसरा म्हणतो मतदानाचं मशीन नाहीतर लाडकी बहीणचे पंधराशे रुपये. मला हे दोन्ही पटत नाही आणि त्याचं कारण तटस्थ वगैरे राहायची हौस हे नाही, मी मत देतो आणि कुणाला देतो ते घरात सगळ्यांना माहितीये. माझं म्हणणं एवढंच की लोकसभेच्या निकालाला 'महाराष्ट्राचा कौल' म्हणण्यातच मूळ घोळ आहे. कौल असतो, पण त्याला पत्ता असतो. तो दिंडोरीचा असतो, बीडचा असतो, कोथरूडचा असतो. ४८ ठिकाणची बेरीज करून जो आकडा निघतो त्यावर दिल्लीत खुर्ची ठरते. त्या आकड्याला तोंड फोडून 'महाराष्ट्र असं म्हणाला' हे वदवून घेणं म्हणजे देवीच्या अंगात आल्यावर आपल्याला हवं तेच ऐकून घरी येणं झालं.

लांब कशाला, आमच्या पंगतीतच बघा ना. मी धायरीत राहतो, पत्ता पुणे ४१, पण विधानसभेला आम्ही खडकवासल्यात आणि लोकसभेला थेट बारामतीत. अण्णा हडपसरला म्हणजे शिरूर. ताई-दाजी कोथरूडला म्हणजे खरं पुणे. मावसभाऊ चिंचवडला, तो मावळात, म्हणजे त्याचा खासदार घाटाखालच्या पनवेल-उरणचा पण खासदार. एका पंगतीला चार लोकसभा मतदारसंघ बसलेले, सगळे एकाच रिंगरोडच्या नावानं शिव्या घालणारे, एकाच धरणसाखळीकडे डोळे लावून बसणारे. निकाल काय लागला? बारामती आणि शिरूर शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडे, दोन्हीकडे लाखाच्या वर लीड. पुणे भाजपकडे, मोहोळ सव्वा लाखाच्या आसपासनं आले. मावळ शिंदेंच्या शिवसेनेकडे, बारणे ९६ हजारांनी. म्हणजे दोन-दोन, बरोबरी. आता पुण्याचा कौल काय म्हणायचा? बरं, बारामतीतही आमचा खडकवासला उलटाच चालला, सुप्रियाताई एकूण दीड लाखाच्या वर लीडनं निवडून आल्या पण खडकवासल्यात सुनेत्राताई पुढे होत्या. म्हणजे आमच्या सोसायटीचा कौल आणि आमच्या मतदारसंघाचा कौल हेसुद्धा एक नाही.

आता यावर अण्णाचं उत्तर तयार असतं आणि ते हलकं नाही. तो म्हणतो, खेळाचे नियम सगळ्यांना आधीपासून माहिती असतात, जो पुढे तो जिंकला, मग हरल्यावर टक्केवारी काढणं म्हणजे मॅच हरल्यावर 'पण आमचे चौकार जास्त होते' म्हणण्यासारखं आहे. बरोबर आहे. आघाडीला (काँग्रेस, ठाकरेंची सेना, शरद पवारांची राष्ट्रवादी) ३०, महायुतीला १७ आणि सांगलीचा एक अपक्ष, हा निकाल शंभर टक्के खरा आणि कायदेशीर, कुणी कितीही पोट दुखवून घेतलं तरी. ज्यांनी २०१९ ला ४१ जागा मिरवल्या त्यांना २०२४ ला अचानक टक्के आठवावेत याला काही अर्थ नाही. आणि टक्क्यांचंच बोलायचं तर २०१९ ला भाजप-शिवसेना युतीला एक्कावन्न टक्क्यांच्या आसपास मतं होती. मध्ये निम्मी सेना गेली, अर्धी राष्ट्रवादी आली, एवढं सगळं करून २०२४ ला बेरीज साडेत्रेचाळीसच्या घरात. 'बरोबरीत सुटलो' म्हणणाऱ्यांनी तो एक्कावन्नचा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

पण म्हणून जागांवरून लोकांचं मन वाचता येतं का? इथे मला अण्णाचं पटत नाही. वायव्य मुंबई घ्या. शिंदेंच्या सेनेचे वायकर ठाकरेंच्या सेनेच्या कीर्तिकरांसमोर जिंकले ४८ मतांनी. नऊ लाखांवर मतं या दोघांनाच पडलेली आणि फरक ४८ चा, जेवढे महाराष्ट्राचे खासदार तेवढा. पंचवीस माणसांनी शेजारचं बटण दाबलं असतं तर ३१-१६ झालं असतं. धुळ्यात भाजपचे भामरे ३,८३१ नी पडले, बीडमध्ये भाजपच्याच पंकजाताई ६,५५३ नी. हे दोन महायुतीकडे आणि वायव्य मुंबई आघाडीकडे गेलं असतं तर विश्लेषण वेगळं झालं असतं, अग्रलेख वेगळे झाले असते, आणि लोक? लोक तेच असते. बीडमधल्या साडेसहा हजारांतले निम्मे फिरले असते तर 'मराठवाड्यानं झिडकारलं' या वाक्याचं काय करायचं होतं? भाजपची सबंध राज्यातली मतं २०१९ ला पावणेअठ्ठावीस टक्क्यांच्या आसपास होती, २०२४ ला सव्वीसच्या थोडी वर, तेही तीन जागा जास्त लढवून. जागा मात्र २३ वरून ९. टक्का दीडेकच खाली, जागा निम्म्याहून कमी. ही आपल्या मतदानपद्धतीची करामत आहे, समोरच्यांची मतं फुटली की तुम्ही हत्ती आणि एकवटली की तुम्ही उंदीर, तुमचं स्वतःचं वजन मधल्या काळात फार बदललेलं नसतं.

ज्यांना हे नवीन वाटतं त्यांनी १९९६ आणि १९९८ शेजारी ठेवून बघावं. १९९६ ला शिवसेना-भाजपनं ४८ पैकी ३३ जागा घेतल्या, राज्यात सरकारही त्यांचंच, काँग्रेस १५ वर. दोनच वर्षांनी परत निवडणूक, आणि युती ३३ वरून थेट १० वर. लोक युतीला विटले? तर युतीच्या मतांचा टक्का १९९८ ला वाढला होता! साधारण साडेअडतीसवरून बेचाळीसच्या वर. पवारांनी रिपब्लिकन पक्षाचे गट एकत्र बांधून सोबत घेतले, आधी इकडे तिकडे सांडणारी मतं एका भांड्यात आली, काँग्रेसला ३३ आणि रिपब्लिकनांना ४. प्रकाश आंबेडकर अकोल्यातून, गवई अमरावतीतून, कवाडे चिमूरमधून, आठवले मुंबईतून, चौघंही खुल्या जागांवरून. खरं तर त्या निवडणुकीतली हीच सगळ्यात मोठी गोष्ट म्हणायला हवी, पण आज कुणाला विचारा, ९८ म्हणलं की वाजपेयींचे तेरा महिने एवढंच आठवतं. असो. मुद्दा हा की जास्त लोकांनी मत दिलं तरी युती आपटली. याला 'महाराष्ट्रानं नाकारलं' म्हणायचं की 'महाराष्ट्रानं जास्त पसंत केलं'?

आता माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप. दाजी नाही, मावसभाऊ काढतो तो, आणि तो कांद्याच्या आडतीत काम केलेला माणूस आहे. तो म्हणतो, सगळं स्थानिक स्थानिक म्हणून उडवू नको, दिंडोरी, नाशिक, नगर, शिर्डी, शिरूर, धुळे, एवढ्या लागून लागून जागा एकदम जातात त्याला अपघात म्हणतोस का? नाही म्हणत. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. ती उठवली ४ मे २०२४ ला, म्हणजे राज्यातल्या पाचपैकी दोन टप्प्यांचं मतदान होऊन गेल्यावर आणि तेही ४० टक्के शुल्क लावून. मध्ये एप्रिलमध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टनांची वाट करून दिली. इकडे चाळीत लाल कांद्याला मोड फुटतायत आणि तिकडे ती सूट. मावसभाऊ सांगतो, त्या आठवड्यात चाकणच्या बाजारात शेतकरी भाव विचारायचे पण बंद झाले होते, नुसते पिशवीत हात घालून कांदा दाबून बघायचे आणि परत टाकायचे. हा कौल होता, मला एकदम मान्य. मराठवाड्यात आठपैकी सात जागा आघाडीला, तिथे अंतरवालीत जरांगेंच्या मराठा आरक्षण आंदोलनावर झालेल्या लाठीमाराचा राग होता, तो पण कौल. पण बघा, दोन्ही वेळा आपण पत्ता लिहितोच आहोत. कांद्याचा कौल लासलगाव ते चाकण. तो जळगाव-रावेरला पोचला नाही, तिथे केळी आणि कापूस, तिथे भाजपच. आणि मराठवाड्यातली आठवी जागा, छत्रपती संभाजीनगर, तिथे तेच आंदोलन, तोच राग, पण शिंदेंचे भुमरे आले, कारण समोर ठाकरेंच्या सेनेचे खैरे आणि एमआयएमचे इम्तियाज जलील दोघं उभे. एकाच रागातून सात ठिकाणी एक निकाल आणि आठव्या ठिकाणी दुसरा. कोकणात तर निकाल जवळपास पूर्ण महायुतीकडे, तिथल्या माणसाला कांद्याची निर्यात म्हणजे काय आणि जरांगे म्हणजे काय! मग या सगळ्याला एका पिशवीत घालून 'महाराष्ट्र' असं लेबल लावलं की कांद्यावर निर्यातबंदी लावणाऱ्या माणसाला बरं पडतं, कारण त्याला म्हणता येतं हे सगळं नरेटिव्हमुळे झालं, संविधान बदलणार अशी अफवा होती, आणि कांदा मुकाट्यानं बाजूला पडतो. पत्ता पुसला की तक्रारही पुसली जाते. मावसभावाला मी हेच म्हणलं की तुझा मुद्दा माझ्या विरोधात नाहीये बाबा, तो माझाच मुद्दा आहे.

सांगलीचं उदाहरण तर मला फार आवडतं कारण ते कुणाच्याच गोष्टीत बसत नाही. तिथे आघाडीचा अधिकृत उमेदवार उद्धव ठाकरेंच्या सेनेचा, डबल महाराष्ट्र केसरी पैलवान, त्याचं डिपॉझिट गेलं. काँग्रेसचे विशाल पाटील बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले आणि भाजपच्या खासदाराला लाखभर मतांनी पाडून आले, आणि मग लगेच काँग्रेसला पाठिंबा. आघाडी म्हणते आमचे ३१. अरे, सांगलीकरांनी तुमचा माणूस चारीमुंड्या चीत केला ना! सांगलीचा निकाल मुंबईत बसून जागा वाटणाऱ्यांच्या विरोधात होता, आणि ते मुंबईवाले आघाडीचेच होते.

आणि पिपाणी. साताऱ्यात भाजपचे उदयनराजे शरद पवारांच्या उमेदवारासमोर ३२,७७१ मतांनी जिंकले आणि पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला ३७ हजार मतं पडली. दिंडोरीत तर तशाच चिन्हावर लाखाच्या वर मतं, तिथे पवारांच्या पक्षाचे, शिक्षक असलेले भगरे सर तरीही निवडून आले म्हणून गाजावाजा झाला नाही. यावर पुण्यात बसून लोक हसतात, गावाकडच्यांना तुतारी आणि पिपाणी कळत नाही म्हणून. पण त्या वाद्याचं अधिकृत यादीतलं मराठी नावच 'तुतारी' होतं, आणि पवारांच्या पक्षाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस'. म्हातारीला घरून सांगून पाठवलंय तुतारीचं बटण दाब. तिनं दाबलं. यात अडाणी कोण? मला हसणाऱ्यांचा राग येतो तो यासाठी. निकाल आपल्याला हवा तसा लागला की मतदार सुज्ञ, नाही लागला की बिचारा फसतो, विकला जातो, चिन्ह चुकतो, अफवेला बळी पडतो. ही सवय दोन्ही बाजूंना आहे, आणि 'एक महाराष्ट्र, एक कौल' ही भाषा ती सवय लपवायला सोयीची पडते.

मालेगावचं बोलल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही, दाजींनी तो विषय काढलाच. धुळ्यात सहापैकी पाच विधानसभांत भामरे पुढे होते आणि एकट्या मालेगाव मध्यनं निकाल फिरवला, तिथे काँग्रेसला जवळपास दोन लाख आणि भाजपला साडेचार हजार. आकडे खरे आहेत आणि एवढं एकतर्फी मतदान बघून माणूस थबकतो हेही खरं. त्याला नाव दिलं गेलं व्होट जिहाद. मी दाजींना विचारलं, तुमच्या कोथरूडनं मोहोळांना एकट्यानं सत्तर हजारांच्या वर लीड दिलं, त्याला काय नाव द्यायचं? म्हणाले ते वेगळं, तो विकासाला दिलेला मतांचा जोगवा. बरं. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी याच पश्चिम महाराष्ट्रानं एका मुद्द्यावर गठ्ठ्यानं मतं टाकून भले भले पाडले, पुण्यातून ना. ग. गोरे निवडून गेले, तो आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात अभिमानानं शिकवला जातो. ज्या समाजाला वाटतं की आपलं काहीतरी पणाला लागलंय तो समाज एकत्र मत देतो. ते वाटणं चूक आहे असं म्हणायचं असेल तर म्हणा, त्यावर वाद घाला, पण मत देण्याच्या पद्धतीलाच शिवी देऊ नका, कारण उद्या तीच पद्धत तुमची असणार आहे.

आता येतो नोव्हेंबरचा प्रश्न, ज्यानं हे सगळं पेटतं ठेवलंय. पाच महिन्यांत ३०-१७ चं २३०-४६ होतं कसं? अण्णाचा संशय मतदारयादीवर. लोकसभेला ९ कोटी ३० लाख मतदार, विधानसभेला ९ कोटी ७० लाख. आधीच्या पाच वर्षांत वाढले त्यापेक्षा जास्त या पाच महिन्यांत. हा प्रश्न विचारायलाच हवा आणि त्याचं उत्तर यादी सगळ्यांना शोधता येईल अशा स्वरूपात देऊनच द्यायला हवं, 'आमच्यावर विश्वास ठेवा' हे उत्तर नव्हे. पण त्यानं अण्णाचं कोडं सुटत नाही. समजा, वाढलेली सगळी नावं संशयास्पद धरली, तरी आघाडीच्या तीन पक्षांची स्वतःची मतंच लोकसभेपेक्षा तीसेक लाखांनी कमी झाली, ती कुठे गेली? नवीन नावांनी समोरच्याची मतं वाढतील, तुझी कशी घटतील? ती दुसऱ्यांकडे गेली, बंडखोरांकडे गेली, काही घरी बसली. ती माणसं आहेत, त्यांनी जूनमध्ये तुला मत दिलं होतं, त्यांना जाऊन विचार की. पण ते करायचं म्हणजे तालुक्या-तालुक्यात फिरावं लागतं.

आणि हे असं होऊ शकतं का, तोच माणूस लोकसभेला एक आणि विधानसभेला दुसरं? होतं आणि पूर्वीही झालंय. १९९९ ला तर महाराष्ट्रात दोन्ही निवडणुका एकत्रच झाल्या, एकाच बूथवर एकाच फेरीत दोन मतपत्रिका. लोकसभेला युतीला ४८ पैकी २८. विधानसभेला त्याच युतीला २८८ पैकी १२५, आणि ऑक्टोबरमध्ये काँग्रेसचे विलासराव मुख्यमंत्री. पाच महिने नाही, पाच मिनिटांचंही अंतर नव्हतं. ना मशीनवर संशय, ना लाडकी बहीण, ना नरेटिव्ह. दिल्लीत वाजपेयी हवेत आणि आमदार मात्र आपल्या साखर कारखान्याकडचा, हे एका माणसाच्या डोक्यात सुखानं राहत होतं, शिवाय छोट्या मतदारसंघात मतं फुटायचं गणितही निराळं पडतं. बारामतीत तर याची म्हणच झाली होती, लोकसभेला ताई, विधानसभेला दादा. बारामती विधानसभेच्या हद्दीत सुप्रियाताईंना जवळपास ४८ हजारांचं लीड, आणि त्याच हद्दीत नोव्हेंबरमध्ये अजितदादा लाखाच्या वर फरकानं. मतदार बदलला नाही, त्याला विचारलेला प्रश्न बदलला. पेपर वेगळा तर उत्तर वेगळं, यात एवढं बुचकळ्यात पडण्यासारखं काय आहे मला खरंच कळत नाही.

राहिले पंधराशे रुपये. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या ताईंचं खातं मीच बँकेत नेऊन आधारला जोडून दिलं, त्यामुळे मला हे जवळून माहितीये. पहिले दोन हप्ते एकदम आले त्या दिवशी त्यांनी मला तीनदा मेसेज वाचून दाखवायला सांगितला, मग भिशीचे थकलेले पैसे भरले आणि उरलेल्यातून मुलीला चष्मा केला. कुणाला मत दिलं ते मी विचारलं नाही. योजना निवडणुकीच्या तोंडावर आली, तिजोरीचा विचार न करता आली, हे आक्षेप रास्त आहेत. पण 'पंधराशेला मत विकलं' हे जेव्हा कोथरूड-बाणेरच्या ड्रॉइंगरूममध्ये ऐकतो तेव्हा विचारावंसं वाटतं, २०२५ च्या फेब्रुवारीत बारा लाखांपर्यंत इन्कमटॅक्स माफ झाला तो दिल्लीच्या मतदानाच्या चार दिवस आधी, तेव्हा कुणी म्हणालं का की मध्यमवर्ग विकला गेला? आपल्याला मिळतं ती सवलत, ताईंना मिळते ती लाच. नोव्हेंबरमध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात त्याच्या बरंच खाली चाललं होतं, म्हणजे जूनचा शेतकऱ्याचा राग कुठे गेला नव्हता, तरी मत फिरलं. कारण त्याच घरात त्याच महिन्यात बाईच्या खात्यावर पैसे पण येत होते. एका घरात राग आणि दिलासा दोन्ही असतात. पुण्यात बसून त्यातलं एकच उचलायचं आणि त्याला जनमत म्हणायचं, हा आपला धंदा झालाय.

घाईनं अर्थ काढायची हौस काय करते ते कसब्यानं दाखवलंय. मार्च २०२३ च्या पोटनिवडणुकीत तेव्हा काँग्रेसमध्ये असलेले धंगेकर अकराएक हजारांनी आले तेव्हा देशभर बातमी, भाजपचा २८ वर्षांचा गड पडला, पेठा फिरल्या, आता वारं बदललं. सव्वा वर्षात लोकसभेला त्याच कसब्यात धंगेकरांना स्वतःच्या घरच्या मैदानात मोहोळांपेक्षा कमी मतं, आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेला ते भाजपच्या रासनेंकडून १९ हजारांनी पडले. पेठा बिठा कुठे फिरल्या नव्हत्या. एक पोटनिवडणूक होती, उमेदवारीवरून नाराजी होती, समोर गल्लीबोळात स्कूटरवर फिरणारा माणूस होता. एवढंच होतं. त्याला महाराष्ट्राचा कौल म्हणून ज्यांनी लेख लिहिले त्यांनी ते लेख परत कधी उघडले नसतील.

आणि या सगळ्या कौलाच्या गदारोळात एक गोष्ट निसटते, तीही पुण्यातलीच. खासदार गिरीश बापट २९ मार्च २०२३ ला गेले. लोकसभेची मुदत वर्षाहून जास्त शिल्लक होती. पोटनिवडणूक लावली नाही, चंद्रपूरलाही तेच. आयोगाचं म्हणणं, २०२४ ची तयारी चालू आहे, यंत्रणा गुंतलेली आहे. उच्च न्यायालयानं डिसेंबरमध्ये फटकारलं, ताबडतोब निवडणूक घ्या म्हणलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयातून त्याला स्थगिती आली आणि विषय संपला. चौदा महिने पुणे शहराला लोकसभेत माणूस नव्हता. मग निवडणूक आली तेव्हा निम्म्याच्या जरा वर लोकांनी मतदान केलं, त्रेपन्न-चौपन्न टक्के. कौल कोणाचा यावर वर्षानुवर्षं भांडणारी माणसं कौल मागितलाच नाही तेव्हा कुठे होती?

हे मी पंगतीत बोललो. अण्णा म्हणाला, आमचा काय संबंध, आम्ही शिरूरचे. मावसभावानं खांदे उडवले, तो मावळचा. मी स्वतः बारामतीचा. सगळे दाजींकडे बघायला लागलो, एकटे तेच खरे पुण्याचे. त्यांनी पोळीचा तुकडा कटात बुडवला, जरा आठवल्यासारखं केलं आणि म्हणाले, "चौदा महिने? हो का? खरं सांगू, काही जाणवलं नाही."